साइडिंग बदलायचंय? आधी भिंतीच्या पोटात डोकावा

न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे, ईस्ट ब्रन्सविक, पार्सिपनी अशा गावांमध्ये १९५० ते १९८० या काळात बांधलेल्या घरांच्या वसाहतीच्या वसाहती आहेत. शाळा चांगली, ट्रेन जवळ, अंगण मोठं, म्हणून आपल्यापैकी अनेकांचं अमेरिकेतलं पहिलं घर तिथंच होतं. घर घेताना आपण किचन बघतो, बेसमेंट बघतो, छप्पर किती वर्षांचं आहे ते विचारतो. बाहेरच्या भिंतीकडे लक्ष जातं ते दोन-तीन हिवाळे काढल्यावर. कुठं रंग उडालेला असतो, कुठं एखादी पट्टी वाऱ्यात फडफडत असते, खिडकीखाली काळसर ओघळ आलेला असतो. मग साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचं पट्ट्यांचं आवरण, बदलायचं ठरतं आणि चर्चा लगेच रंगावर येते. या लेखात रंगाबद्दल फारसं काही नाही. घर टिकणार की कुजणार हे रंगाच्या मागे ठरतं, आणि तिथं काय चालतं हे घरमालकाला कळलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आधी ही भिंत समजून घ्या

आपल्याकडची भिंत विटेची किंवा चिऱ्याची, वर सिमेंटचा गिलावा. पाणी झिरपलं तर ओल दिसते, पोपडे निघतात, पण भिंत उभी राहते. इथली भिंत लाकडाची. साधारण दर सोळा इंचांवर एक उभा स्टड, म्हणजे लाकडी खांब, त्यावर बाहेरून शीदिंग, म्हणजे फळ्या, प्लायवुड किंवा ओएसबीचे, म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून बनवलेले, तक्ते. त्यावर जुन्या घरात डांबरी कागद, नव्या घरात हाउसरॅप, म्हणजे पाणी अडवणारं पातळ आवरण. सगळ्यात बाहेर साइडिंग. लाकूड सतत ओलं राहिलं की कुजतं, आणि कुजत असताना घरात बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

साइडिंगमुळे पाणी पूर्ण अडतं असा बहुतेकांचा समज असतो. साइडिंग फक्त पावसाचा मारा झेलतं. कोकणात पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला झापांची झड बांधतात, तसंच ते काम. झडीतून थोडं पाणी आत जाणारच. विनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, पट्टीला तर खालच्या कडेशी पाणी बाहेर पडण्यासाठी मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. मागे गेलेलं पाणी हाउसरॅपवरून ओघळत खाली यायला हवं. खिडकी, दार, डेक, छपराची कड अशा प्रत्येक सांध्यावर फ्लॅशिंगनं, म्हणजे पत्र्याच्या किंवा चिकट पट्टीच्या आडोशानं, ते बाहेर वळायला हवं. भिंत वाचते ती हाउसरॅप आणि फ्लॅशिंगमुळे. कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना, पैसे ठरवताना आणि काम चालू असताना हे डोक्यात ठेवलंत तर निम्मी लढाई जिंकलीत.

आत्ता भिंतीवर काय आहे ते ओळखा

घर कोणत्या वर्षी बांधलं हे टाउनशिपच्या टॅक्स रेकॉर्डवर मिळतं. त्या वर्षावरून बराच अंदाज येतो. ॲल्युमिनियमचं साइडिंग बोटानं टिचकी मारली की पत्र्यासारखं वाजतं, त्याला पोचे पडलेले असतात आणि हात फिरवला तर रंगाची पांढुरकी भुकटी हाताला लागते. विनाइल दाबलं की किंचित दबतं, आणि चरा पडला तरी आतपर्यंत तोच रंग दिसतो. लाकडी क्लॅपबोर्ड, म्हणजे आडव्या फळ्या, किंवा सिडारची शिंगलं, म्हणजे कौलांसारखे लाकडी तुकडे, लगेच ओळखू येतात. उरला तो अवघड प्रकार, ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या शिंगलांचा. साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट उंच अशा ठिसूळ तुकड्यांच्या ओळी, पुष्कळदा खालची कड नागमोडी, वर लाकडाच्या रेषांसारखे ओरखडे. १९२० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत हा माल सर्रास वापरात होता. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरापासून जवळच असलेल्या मॅनव्हिल गावाचं नावच जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपनीवरून पडलं. त्यामुळे मध्य जर्सीत तरी हा प्रकार दुर्मीळ समजू नका.

घोळ असा असतो की मधल्या काळात कुणीतरी जुन्या साइडिंगवरच नवं ठोकलेलं असतं. वरून विनाइल दिसतं आणि खाली ॲस्बेस्टॉस किंवा शिसं असलेला रंग लावलेलं लाकूड निघतं. म्हणून एस्टिमेट मागवण्याआधी एक पट्टी उचलून बघा. हार्डवेअरच्या दुकानात झिप टूल नावाची, टोकाला वाकडी अशी छोटी पट्टी मिळते. ती विनाइलच्या खालच्या कडेत अडकवून ओढत नेली की पट्टीचं कुलूप सुटतं आणि आतलं दिसतं. बघून झालं की तसंच परत बसवता येतं.

ॲस्बेस्टॉसची शंका आली तर घरमालकानं स्वतः तुकडा तोडू नये. नमुना कसा घ्यायचा आणि कुठल्या लॅबला पाठवायचा यासाठी प्रशिक्षित तपासनीस बोलवावा. शिंगलं धड असतील तर त्यांच्यापासून लगेच धोका नसतो. धोका ती फोडण्यात, कापण्यात, भोकं पाडण्यात असतो, कारण तेव्हा बारीक तंतू हवेत उडतात. उपाय दोन: नियमांप्रमाणे, ओली करून, न फोडता काढून घेणं, किंवा जागेवरच ठेवून वरून झाकणं. काढण्याचे आणि मलबा टाकण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. टाउनशिपच्या बांधकाम खात्याला फोन करून विचारा. कॉन्ट्रॅक्टर ‘काही होत नाही, डंपस्टरमध्ये टाकून देऊ’ म्हणाला, तर तो माणूस तुमच्या कामाचा नाही.

शिशाचं प्रकरण जास्त सर्वदूर आहे. घरांसाठी शिसं असलेल्या रंगावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घराच्या बाहेरच्या लाकडावर, खिडकीच्या चौकटीवर असा रंग असू शकतो. एप्रिल २०१० पासून पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, नियम लागू आहे. १९७८ पूर्वीच्या घरात पैसे घेऊन असा रंग खरवडणाऱ्या किंवा तोडफोड करणाऱ्या कंपनीकडे लेड-सेफ प्रमाणपत्र हवं, आणि काम सुरू होण्याआधी तिनं तुम्हाला माहितीपुस्तिका द्यायला हवी. भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरणं, जवळच्या खिडक्या-दारं बंद ठेवणं, शेवटी सगळी साफसफाई करणं हे त्यातच येतं. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर यात एक तसूही सूट देऊ नका. स्वतः काम करणाऱ्या घरमालकाला हा नियम लागू नाही हे खरं, पण शिसं माणूस बघून बाधत नाही.

घराभोवती एक चक्कर, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन

पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस यासाठी उत्तम. घराच्या चारही बाजूंनी सावकाश फिरा आणि फोटो काढत चला. खिडक्यांचे खालचे कोपरे, डेक जिथं घराला जोडलंय ती जागा, बाहेरच्या नळाभोवती, ड्रायरच्या झडपेभोवती, जिथं माती किंवा मल्च साइडिंगला टेकलंय तो भाग, या सगळ्या ठिकाणी थांबा. उघड्या लाकडात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. कुजलेल्या लाकडात ते आवाजही न करता अर्धा इंच जातं आणि बाहेर काढताना सोबत ओला, तपकिरी भुसा येतो. अशा जागा फोटोवर खुणा करून ठेवा. कॉन्ट्रॅक्टरला दाखवायला त्या लागतील.

एक जागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गॅरेजचं किंवा पोर्चचं खालचं छप्पर जिथं वरच्या मजल्याच्या भिंतीला चिकटून उतरत येतं आणि गटरपाशी संपतं, तो कोपरा बघा. छपरावरचं सगळं पाणी भिंतीच्या कडेनं धावत येतं. तिथं किकआउट फ्लॅशिंग, म्हणजे बाहेर वळवलेला पत्र्याचा छोटा तुकडा, बसवलेला नसेल तर ते पाणी गटरात न पडता सरळ साइडिंगच्या मागे शिरतं. स्प्लिट लेव्हल आणि कलोनियल घरांमध्ये हा कोपरा असतोच असतो. ओळखीतल्या एका घरी तिथलं साइडिंग काढलं तेव्हा शीदिंग हातानं चुरगळत होतं आणि आतला स्टड तळाशी कुजलेला होता. आतल्या खोलीत मात्र भिंतीवर साधा डागही नव्हता. हाताच्या पंजाएवढ्या पत्र्यानं हे टळलं असतं.

माल कोणता घ्यावा

उपनगरातल्या साध्या घरासाठी बहुतेकांपुढे दोनच खरे पर्याय असतात: विनाइल आणि फायबर सिमेंट.

विनाइल स्वस्त, हलकं, रंगवायची गरज नाही. जाडी विचारा. ०.०४० इंचाचं विनाइल बिल्डर लोक वापरतात, ०.०४४ ते ०.०४६ हे मधलं आणि घरासाठी पुरेसं, ०.०५० च्या वरचं सरळ दिसतं आणि वाऱ्याला चांगलं टिकतं. विनाइलचं वैर उष्णतेशी. बार्बेक्यूची ग्रिल भिंतीला लागून ठेवली की ते मऊ पडून वाकतं. शेजाऱ्याच्या लो-ई, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या, काचेच्या खिडकीवरून परावर्तित झालेलं ऊन ठरावीक जागी एकवटलं तरी ते वेडंवाकडं होऊ शकतं. अशी खिडकी समोर असेल तर त्या भिंतीचा वेगळा विचार करा. कडाक्याच्या थंडीत विनाइल ठिसूळ होतं आणि कापताना तडकतं, म्हणून काम एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात धरावं.

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, वाळू आणि लाकडाचे तंतू यांची फळी. जेम्स हार्डी हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. आगीला ते दाद देत नाही, वाळवीला रुचत नाही, दिसतंही भारदस्त. पण जड असतं, मजुरी जास्त लागते, आणि चुकीचं बसवलं तर विनाइलपेक्षा लवकर बिघडतं. जमिनीपासून सहा इंच आणि खालच्या छपरापासून साधारण दोन इंच अंतर राखावंच लागतं, नाहीतर फळीची खालची कड पाणी शोषत राहते. कापताना सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसांना फार वाईट. कामगार तुमच्या खिडकीखाली साध्या करवतीनं, धूळ ओढणाऱ्या यंत्राशिवाय फळ्या कापत असतील तर थांबवा. त्यांच्यासाठीही आणि तुमच्या घरातल्यांसाठीही.

इंजिनिअर्ड वूड हा तिसरा पर्याय वजनानं या दोघांच्या मधला, कापायला सोपा. कापलेली प्रत्येक कड रंगानं बंद करायची शिस्त असेल तरच तो घ्या. सिडार सुंदर दिसतं, पण काही वर्षांनी पुन्हा रंग किंवा स्टेन द्यायची तयारी ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर बजेट तोकडं असताना महाग माल आणि घाईची मजुरी घेण्यापेक्षा मधल्या प्रतीचं विनाइल घ्यावं आणि उरलेले पैसे फ्लॅशिंग, हाउसरॅप आणि कुजकं लाकूड बदलण्यावर घालावेत.

घर होमओनर्स असोसिएशनमध्ये असेल तर रंग आणि प्रकार दोन्हींची लेखी मंजुरी आधी घ्या.

मोजमाप स्वतः करा

साइडिंग स्क्वेअरमध्ये मोजतात. एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. समजा घर ४० बाय २८ फुटांचं, दुमजली, भिंतीची उंची १८ फूट. परिघ १३६ फूट, त्याला १८ ने गुणलं की २,४४८. दोन बाजूंच्या त्रिकोणी गेबलची उंची ९ फूट धरली तर प्रत्येकी २८ गुणिले ९ भागिले २, म्हणजे १२६, दोन्ही मिळून २५२. एकूण २,७०० चौरस फूट, म्हणजे २७ स्क्वेअर. कापण्यात वाया जाणारा माल दहा टक्के धरा, तर साधारण ३० स्क्वेअर होतात. छोट्या खिडक्या वजा करायच्या नाहीत, गॅरेजचं दार मात्र करायचं. हे गणित तुमच्याकडे असलं की एकाच घराचं माप कुणी २४ आणि कुणी ३८ सांगितलं तर कारण विचारता येतं.

कॉन्ट्रॅक्टर आणि करार

तीन एस्टिमेट घ्या, आणि तिघांना एकच यादी द्या म्हणजे तुलना जमेल. यादीत हे असू द्या: जुनं साइडिंग काढून नेणं, हाउसरॅपचा ब्रँड, खिडक्या-दारांवरचं फ्लॅशिंग, किकआउट, सॉफिट (छपराच्या पुढे आलेल्या भागाची खालची बाजू) आणि फॅशियाचं (छपराच्या कडेची फळी) काय करणार, गटर उतरवून परत लावणार का, नळ-दिवे-झडपांसाठी माउंटिंग ब्लॉक, साफसफाई. जुनं साइडिंग ॲल्युमिनियमचं असेल तर त्याच्या भंगाराचे पैसे येतात. ते कोणाचे हेही विचारा.

‘जुन्यावरच ठोकू, स्वस्तात होईल’ असं कुणी म्हणालं तर ॲस्बेस्टॉस झाकण्याचा नियमात बसणारा अपवाद सोडून नाही म्हणा. भिंत उघडून बघायची संधी वीस-तीस वर्षांत एकदाच येते.

न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची राज्याच्या ग्राहक खात्याकडे नोंदणी लागते. त्यांचा नोंदणी क्रमांक ‘१३ व्हीएच’ नं सुरू होतो आणि तो करारावर असायला हवा. खात्याच्या वेबसाइटवर हा क्रमांक टाकून नाव पडताळा. ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार बंधनकारक आहे, आणि कराराची प्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत करार रद्द करता येतो. विम्याचा कागद मागा, आणि तो कॉन्ट्रॅक्टरच्या हातून घेण्यापेक्षा विमा कंपनीकडून थेट ईमेलनं मागवा. शिडीवरून कामगार पडला आणि विमा नसला तर प्रकरण तुमच्या अंगावर येऊ शकतं. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम बघा. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम एक हजार डॉलर किंवा कामाच्या दहा टक्के, यातली जी कमी तेवढीच घेता येते.

परमिट लागतं का, हे कॉन्ट्रॅक्टरच्या सांगण्यावर सोडू नका. टाउनशिपला फोन करा, कोणाशी बोललात आणि काय उत्तर मिळालं ते लिहून ठेवा.

करारातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुजलेल्या लाकडाबद्दलची. भिंत उघडेपर्यंत किती शीदिंग खराब आहे ते कोणालाच कळत नाही. तेव्हा ४ बाय ८ फुटांचा एक तक्ता बदलायला किती पैसे आणि स्टड दुरुस्तीला फुटामागे किती, हे भाव आधीच लिहून घ्या. बदलण्याआधी फोटो दाखवायचा आणि तुमचा होकार घ्यायचा, हेही लिहा. ही ओळ नसली की भिंत उघडी पडल्यावर, पाऊस डोक्यावर असताना, ते सांगतील तो भाव मान्य करावा लागतो.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. माल घरी पोचल्यावर एक भाग, दोन भिंती पूर्ण झाल्यावर एक, आणि भरीव रक्कम शेवटच्या पाहणीनंतर. शेवटचा चेक देताना लीन वेव्हर, म्हणजे घरावर बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याचा कागद, घ्या. कॉन्ट्रॅक्टरनं माल पुरवणाऱ्याचे किंवा उपकंत्राटदाराचे पैसे थकवले तर ते तुमच्या घरावर बोजा चढवू शकतात, तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेले असले तरीही. वादळानंतर दार ठोठावून ‘विमा कंपनीकडून सगळं काढून देतो, आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

स्वतः करावं का? एकमजली रँच घर असेल, हाताला सुतारकामाची सवय असेल, विनाइल घेणार असाल, तर एक भिंत करून बघायला हरकत नाही. दुमजली घरावर नको. शिडीवरून पडणं आणि घरात येणाऱ्या विजेच्या तारेला ॲल्युमिनियमची शिडी लागणं, दोन्ही जिवावरचं आहे.

कामाआधी घरात आणि अंगणात

बाहेरून हातोडा चालतो तेव्हा आतल्या भिंतीवरच्या वस्तू पडतात. फोटो, घड्याळं, भिंतीवर टांगलेला देव्हारा, आरसे आधीच काढून ठेवा. डेकवरची तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या दूर न्या. भिंतीलगतची झुडपं छाटा किंवा बांधून घ्या. झडपेत किंवा सॉफिटमध्ये पक्ष्याचं घरटं असेल तर त्यात अंडी-पिल्लं आहेत का बघा. अमेरिकेतल्या मूळच्या बहुतेक पक्ष्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे, भरलेलं घरटं हलवता येत नाही. विजेच्या मीटरमागचं साइडिंग बदलायचं असेल तर वीज कंपनीला आधी कळवा. मीटरला तुम्ही किंवा साइडिंगवाल्यानं हात लावायचा नाही.

भिंत उघडली, आता बघा

शक्य असेल तर या दिवशी घरी राहा. एका दिवसात झाकून होईल तेवढीच भिंत उघडायची, हा नियम आधीच सांगून ठेवा. एका वेळी एक बाजू.

जुनं साइडिंग आणि कागद निघाला की शीदिंग दिसतं. १९५० च्या आसपासच्या घरात फळ्या, पुढे प्लायवुड, आणि मधल्या काळातल्या काही घरांत काळसर फायबरबोर्ड. हा फायबरबोर्ड खिळा धरून ठेवत नाही, खिळा मागच्या स्टडपर्यंत जायलाच हवा. काळे पडलेले भाग दाबून बघा. मऊ लागले तर कापून नवे घालायचे. वरून हाउसरॅप ओढून झाकायचे नाहीत. मुंग्यांनी किंवा वाळवीनं केलेल्या पोकळ्या दिसल्या तर कीडनियंत्रणवाला आधी, साइडिंग नंतर.

भिंत पोकळ आहे का, हे बघायची हीच वेळ. जुन्या घरांच्या भिंतींत पुष्कळदा इन्शुलेशन नसतं किंवा खाली बसलेलं असतं. आत्ता बाहेरून प्रत्येक दोन स्टडच्या मध्ये भोक पाडून सेल्युलोज भरता येतं, आतल्या भिंतीला धक्का न लावता. फार जुन्या घरात नॉब अँड ट्यूब, म्हणजे चिनी मातीच्या गुंड्या-नळ्यांवरून नेलेलं जुन्या पद्धतीचं, वायरिंग असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. अशा तारांभोवती इन्शुलेशन भरणं धोक्याचं आहे. बाहेरून एक इंचाचा फोमबोर्ड लावला तर घर आणखी उबदार होतं, पण भिंत तेवढी जाड होते आणि खिडक्यांच्या चौकटी पुढे आणाव्या लागतात. त्याचा खर्च आधी विचारा. खिडक्याही म्हाताऱ्या झाल्या असतील तर त्या आत्ताच बदला. खिडकीची बाहेरची पट्टी आणि हाउसरॅप एकमेकांत नीट गुंफता येतात ते फक्त भिंत उघडी असताना.

मग हाउसरॅप. इथं एकच तत्त्व आहे: वरचा थर खालच्या थरावर आला पाहिजे, म्हणजे ओघळणारं पाणी कुठंच थराच्या मागे जाणार नाही. रॅप खालून वर लावत जायचा. उभ्या सांध्यावर किमान सहा इंच एकावर एक, सांध्यांना त्याचीच टेप, ठोकायला टोपीचे खिळे. खिडकीला आधी खाली चिकट फ्लॅशिंग, मग दोन्ही बाजूंना, मग वर, आणि वरच्या फ्लॅशिंगवर हाउसरॅपची झडप खाली आणून टेप. खालची कड टेपनं बंद करायची नाही. आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. हा क्रम उलटा झाला तर रॅपच पाण्याची पन्हळ बनतो आणि सगळं पाणी लाकडावर नेऊन सोडतो. सिलिकॉन थापलं म्हणजे झालं, असं म्हणणारे भेटतील. सिलिकॉन काही वर्षांत सुटतं, थरांचा क्रम सुटत नाही.

डेकच्या लेजरमागे, म्हणजे डेकची जी फळी घराला बोल्टनं धरलेली असते तिच्यामागे, फ्लॅशिंग नसेल तर ते आत्ता घाला. तिथलं कुजणं फक्त भिंतीचं नुकसान करत नाही. गणपतीला किंवा वाढदिवसाला डेकवर तीस-चाळीस माणसं उभी असताना ती फळी सुटू शकते. यावर पैसे वाचवू नका.

या टप्प्यावर प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक खिडकीचे फोटो काढा. साइडिंग चढल्यावर हे पुन्हा दिसणार नाही.

साइडिंग चढवताना

विनाइल उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं. साडेबारा फुटांची पट्टी हिवाळा-उन्हाळ्यात अर्धा इंच मागेपुढे होते. म्हणून ती भिंतीला टांगायची असते, घट्ट ठोकायची नसते. वरच्या कडेला लांबट खाचा असतात. खिळा खाचेच्या मधोमध हवा, आणि खिळ्याचं डोकं व पट्टी यांच्यात सुमारे १/३२ इंच, म्हणजे एका डाइम नाण्याच्या जाडीएवढी, फट हवी. खिळे दर सोळा इंचांवर, स्टडमध्ये. पट्टीची टोकं कोपऱ्याच्या किंवा खिडकीच्या चॅनेलमध्ये शेवटपर्यंत न खुपसता पाव इंच जागा सोडायची. पारा ४० अंश फॅरेनहाइटच्या खाली असेल तर ३/८ इंच. कामगार जेवायला गेले की एक बसवलेली पट्टी दोन्ही तळव्यांनी धरून डावी-उजवीकडे सरकवून बघा. सरकली तर काम बरोबर आहे. हललीच नाही तर जुलैत ती फुगून लाटा येतील, आणि नेलगननं भराभर ठोकलेल्या भिंतीवर नेमकं तेच दिसतं.

सुरुवातीची पट्टी घराच्या चारही बाजूंनी एका पातळीत हवी. जुनी घरं थोडी कललेली असतात, त्यामुळे पायाच्या कडेवर न जाता लेझर किंवा पाण्याची पातळी घेऊन रेघ मारून घ्यावी लागते. पट्ट्यांचे सांधे साधारण एक इंच एकमेकांवर, आणि मुख्य दारातून येणाऱ्याच्या नजरेला कापलेली कड दिसणार नाही अशा दिशेनं.

फायबर सिमेंटला सरकायची गरज नसते, पण दोन फळ्यांच्या सांध्यामागे फ्लॅशिंगचा तुकडा आणि कापलेल्या कडांना रंग लागतोच.

शेवटची पाहणी

शेवटचा चेक खिशात ठेवूनच घराभोवती फिरा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला गाल लावून लांबवर बघितलं की लाटा आणि फुगवटे लगेच दिसतात. किकआउट बसवलेत का, खिडकीच्या वर फ्लॅशिंगची कड दिसते का, ड्रायरची झडप उघडझाप करते का, डोअरबेल आणि बाहेरचे दिवे चालतात का, हे तपासा. बागेची होज घेऊन खिडकीच्या खालून सुरुवात करत हळूहळू वर पाणी मारा, आणि घरातल्या कुणाला तरी आत बेसमेंटमध्ये आणि खिडकीपाशी उभं करा. लॉनवर लोहचुंबकाचा रोलर फिरवायला सांगा. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायात खिळा जायला एकच पुरतो.

वॉरंटीची नोंदणी कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः करा. पुष्कळ कंपन्यांची वॉरंटी नोंदणीशिवाय किंवा घर विकताना नाव बदलून घेतल्याशिवाय पुढे चालत नाही. मालाचं नाव, प्रोफाइल आणि रंगाचा क्रमांक छापलेलं खोक्याचं लेबल कापून घराच्या कागदांत ठेवा. उरलेल्या पाच-सहा पट्ट्या परत देऊ नका. गॅरेजमध्ये आडव्या ठेवा, कारण काही वर्षांनी तो रंग बाजारातून जातो आणि लॉनमोवरचा एक दगड उडाला की पट्टीला भोक पडतं. वर्षातून एकदा मऊ ब्रश आणि सौम्य साबणानं भिंत धुवा. प्रेशर वॉशर वापरणार असाल तर झोत समोरून मारा, खालून वर कधीच नाही, नाहीतर इतक्या मेहनतीनं बाहेर ठेवलेलं पाणी आपणच साइडिंगच्या मागे ढकलतो.